रंगाऱ्यांच्या देवगावी

प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे काश्मीर पाहिजे, कन्याकुमारी पाहिजे, निदानपक्षी महाबळेश्वर तरी पाहिजेच, असा एक समज आहे. मी मात्र यंदा वाचकांना छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात, देवगाव रंगारी नावाच्या गावी घेऊन जाणार आहे. हौसेने तिथे जाणारा प्रवासी विरळाच. मीही हौसेने गेलो नव्हतो. मला कामगिरीवर बोलावले होते.

गेल्या वर्षी दिवाळी तोंडावर आली असताना अण्णाचा फोन आला. अण्णा हा माझा मावसभाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. शेती सांभाळून आहे. फोनवर ‘हॅलो’ म्हणण्याची त्याची पद्धत नाही. तो एकदम मुद्द्यावर येतो.

“तू लगेच निघून ये. पोरीची समजूत घालायची आहे.”

“काय झाले काय?”

“अरे, एम. एस्सी. करायली, इथपर्यंत ठीक होतं. आता पुण्याला जाऊन पाच वर्षं मेकॅनिकचं शिकायचं म्हणते! गावात काय ट्रॅक्टर दुरुस्त करणारे कमी आहेत?”

मी हसू आवरले. आवरायला हवेच होते, कारण तिला नेमके काय शिकायचे आहे हे मलाही ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली.

संभाजीनगरच्या स्थानकावर एस. टी. मिळाली, पण दिवाळीच्या दिवसांतली एस. टी. ती! एका पायावर उभे राहण्याची विद्या शाळेत शिक्षेपुरती आली होती, ती इथे कामी आली. कंडक्टर “पुढे सरका, पुढे सरका” म्हणत होता आणि माणसे खरोखरच सरकत होती. दाराशी दाटलेली गर्दी थोड्या वेळाने सबंध गाडीत सारखी पसरली. कुणी कुणाला जागा नेमून दिली नव्हती. दौलताबादचा किल्ला डाव्या-उजव्या खांद्यांच्या फटीतून जेवढा दिसला तेवढा पाहिला. खुलताबाद गेले. वेरूळला घृष्णेश्वराची मंडळी उतरली आणि मला बसायला मिळाले. चौतीस लेण्यांपैकी एकही रस्त्यावरून धड दिसत नाही, पण तिथून जाताना कैलास लेणे आठवल्यावाचून राहात नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी तो डोंगर वरून खाली कोरीत आणला. बांधकामात चुकलेली वीट काढता येते. कोरीव कामात छिन्नीने उडवलेला कपचा परत बसत नाही. हा विचार त्या वेळी सहज आला आणि गेला. संध्याकाळी तो पुन्हा भेटणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

शेजारच्या बाकावर कंडक्टर हिशेब लिहीत बसला होता. मी उगाच विचारले, “रोज अशीच गर्दी?”

“सणाची जादा. एरवी या फेरीला किती माणसं निघतील, ते डोळे मिटून सांगतो. कोण येणार, ते मात्र देवाला माहीत.”

हे वाक्यही मी त्या वेळी ऐकून सोडून दिले.

देवगावात उतरलो तेव्हा उन्हे कलली होती. जिकडे तिकडे मका. कणसे सोललेली, दाणे वाळत घातलेले, पिवळ्या राशी अंगणात आणि रस्त्याच्या कडेलाही. अण्णा न्यायला आला होता. वाटेत मी विचारले, “काय रे अण्णा, तुमच्या गावाला रंगारी का म्हणतात?”

“नावच सांगतंय की. रंगारी म्हणजे कापड रंगवणारा. देवगावं पुष्कळ आहेत, हे रंगाऱ्यांचं,” असे म्हणून त्याने तो विषय एका वाक्यात मिटवला. त्याच्या डोक्यात दुसराच रंग होता.

रात्री जेवणाआधी ओसरीवर बैठक भरली. एका बाजूला अण्णा, मधे न्यायाधीश म्हणून मी, आणि समोर आरोपी. आरोपी हातात पाण्याचा पेला आणि कपड्यांना घालायची निळीची बाटली घेऊन आली होती.

“काका, आधी विषयाचं नाव सांगते. सांख्यिकीय यामिकी. अण्णांनी त्यातला मेकॅनिक तेवढा ऐकला.”

“आणि सांख्यिकी ऐकलं तेव्हा म्हटलं, बरं झालं, सरकारी सांख्यिकी कार्यालयात तरी चिकटेल. तर तेही नाही म्हणते,” अण्णाने तक्रार नोंदवली.

तिने पेला जमिनीवर ठेवला, पाणी स्थिर होऊ दिले आणि निळीचा एक थेंब सोडला. थेंबाची शेपटी वळत वळत खाली उतरली. तिच्या कडा पुसट होऊ लागल्या. “सकाळपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही,” तिने बजावले. मग न्हाणीघरातल्या बंबाचे कढत पाणी दुसऱ्या पेल्यात आणून त्यातही एक थेंब टाकला. तो बघता बघता पसरला.

“गरम पाण्यात नीळ लवकर का पसरते, काका?”

मी म्हटले, “गरम असते म्हणून.” न्यायाधीशाला एवढे तर सांगता आलेच पाहिजे.

“पण गरम म्हणजे काय?”

इथे न्यायाधीश गप्प बसले. मग तिने सांगितले ते असे. पाणी म्हणजे अगणित सूक्ष्म कणांची झुंबड आहे. हे कण क्षणभर स्वस्थ नसतात. त्यांच्या धावपळीलाच आपण उष्णता म्हणतो. धावपळ अधिक तेवढे पाणी गरम. गरम पाणी आपले आपण ढवळलेही जाते, तो भाग वेगळा. पण मुळात निळीला इकडून तिकडे ढकलतात ते हे कण. हवेचेही तसेच. सायकलच्या ट्यूबमध्ये हवेचा दाब म्हणतो तो काय असतो? आतून रबरावर अखंड बसणारे कणांचे धक्के. डॅनियल बर्नुली नावाच्या गणितज्ञाने 1738 सालीच हे लिहून ठेवले होते. आपल्या नाकासमोरच्या हवेतले कण सेकंदाला साडेचारशे-पाचशे मीटर वेगाने धावत असतात. आवाजापेक्षाही जलद!

आता मला सापडला मुद्दा. स्वयंपाकघरातून वांग्याच्या भाजीच्या फोडणीचा वास नुकताच कुठे ओसरीवर पोचत होता. मी म्हटले, “कण जर इतके धावतात, तर वहिनींची फोडणी पडल्याबरोबर वास यायला हवा होता. एवढा वेळ का लागला?”

पोरीने टाळीच दिली. “काका, अगदी हाच आक्षेप 1858 साली बाइस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने घेतला होता!” मी मान ताठ केली. अण्णाने माझ्याकडे फितुराकडे पाहावे तसे पाहिले. त्या आक्षेपाला क्लाउझियस या जर्मन शास्त्रज्ञाने उत्तर दिले, ते असे की कण सरळ धावतच नाही. पावलागणिक दुसऱ्या कणांवर आपटतो. सेकंदाला काही अब्ज टकरा! पंढरीच्या वाटेवर धावत सुटलेल्या पोराचे गर्दीत जे व्हायचे, तेच त्याचे होते. वेग पुष्कळ, पल्ला थोडा.

“बरं,” अण्णा म्हणाला, “हे कण मोजायचे कुणी?”

“कुणीच नाही, अण्णा. तिथूनच तर माझा विषय सुरू होतो.”

पाण्याच्या एका थेंबात एकावर एकवीस शून्ये इतक्या संख्येहूनही अधिक कण असतात. त्यातल्या प्रत्येकाचा ठावठिकाणा लिहून काढायला जगातला कागद पुरणार नाही. तेव्हा जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1860 च्या सुमारास निराळाच मार्ग काढला. एकेका कणाचा वेग विचारू नका. कोणत्या वेगाचे किती कण, एवढेच विचारा. त्याचे उत्तर मिळते, आणि नेमके मिळते. मला एकदम कंडक्टर आठवला. किती येणार ते डोळे मिटून. कोण येणार ते देवाला माहीत. मी ती गोष्ट सांगितली तर पोरगी म्हणाली, “कंडक्टरचा अंदाज दहा-पाच माणसांनी चुकेल, काका. पण गर्दी वाढते तशी चूक तिच्या मानाने कमी होत जाते. शंभर असतील तर साधारण दहाने, दहा हजार असतील तर शंभराने. म्हणजे आधी शेकडा दहा, मग शेकडा एक. थेंबातल्या कणांचं धरलं, तर चूक तीन हजार कोटींत एक. मग तिला अंदाज कोण म्हणेल? नियमच म्हणायचा.”

जेवणे झाली. बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ल्यावर कोणतेही शास्त्र थोडे सोपे वाटते. वहिनींनी चिंचोके आणले. मधोमध फोडलेले, एक बाजू तपकिरी, एक पांढरी. लहानपणी आम्ही पटावर खेळायचो तसेच. पोरीने दहा चिंचोके माझ्या ओंजळीत दिले.

“समजा, दोन्ही बाजू पडण्याची शक्यता सारखी. टाका. सगळे पांढरे पाडून दाखवा.”

मी अर्धा तास टाकीत होतो. वहिनीही टाकू लागल्या. चार-सहा, पाच-पाच, सहा-चार. सगळे पांढरे काही पडेनात. दहा चिंचोके एकूण 1,024 प्रकारांनी पडू शकतात. त्यांत सगळे पांढरे पडण्याचा प्रकार एकच. पाच-पाच पडण्याचे 252. चिंचोक्यांना पाच-पाचची आवड आहे असे मुळीच नाही. तिकडे जायच्या वाटाच अधिक, एवढेच. दहाऐवजी शंभर चिंचोके घेतले आणि दर सेकंदाला एकदा टाकले, तर सगळे पांढरे एकदा पडायला सरासरीने चारावर बावीस शून्ये इतकी वर्षे लागतील. विश्वाचे आजचे वय सुमारे 1,380 कोटी वर्षे. चौदावर नऊ शून्येसुद्धा नाहीत.

“आणि निळीच्या थेंबात शंभर कण नाहीत, काका.”

हे ऐकून मी त्या पेल्याकडे वळून पाहिले. नीळ आता निम्म्या पाण्यात उतरली होती. ती परत थेंब होऊन वर का येत नाही? कुणी मनाई केली आहे? मनाई कुणाचीच नाही. एकेका कणाला पुढे जाणे आणि मागे येणे सारखेच. पण पसरून राहण्याचे प्रकार इतके अफाट आणि थेंबात गोळा होण्याचे इतके थोडे की, एकदा पसरलेली नीळ पसरलेलीच राहते. चहा निवतो, आपोआप तापत नाही, तोही याच हिशेबाने. काल आणि उद्या यांत फरक का, गेलेली वेळ परत का येत नाही, याचे एक उत्तर चिंचोक्यांत असेल, असे मला साठी उलटेपर्यंत वाटले नव्हते.

ज्याने हे उत्तर दिले त्याचे नाव लुडविग बोल्ट्झमन. जन्म 1844, गाव व्हिएन्ना. 1877 साली त्याने दाखवून दिले की पदार्थाची एन्ट्रॉपी, म्हणजे त्याच्या आतला पसारा म्हणू या, ही कणांची मांडणी किती प्रकारांनी होऊ शकते याच्या मोजणीतून निघते. पण त्या काळी खुद्द कणच पुष्कळांना मान्य नव्हते. त्याच व्हिएन्नात अर्न्स्ट माख यांच्यासारखा मातब्बर शास्त्रज्ञ अणू ही केवळ सोयीची कल्पना मानीत होता. बोल्ट्झमन जन्मभर वाद घालीत राहिला. मन आजारी होते. सप्टेंबर 1906 मध्ये, ट्रिएस्टजवळच्या दुईनो या समुद्रकाठच्या गावी कुटुंबासह सुटीवर गेला असताना, त्याने स्वतःचा अंत करून घेतला. आणि गंमत, गंमत तरी कशी म्हणावी, आदल्याच वर्षी आइन्स्टाइनने पाण्यातल्या बारीक कणांच्या थरथरीचे गणित मांडले होते. 1908 पासून पॅरिसमध्ये झां पेरँने प्रयोग करून ते खरे ठरवले. अणू आहेत, यात मग शंका उरली नाही. व्हिएन्नाच्या स्मशानभूमीत बोल्ट्झमनच्या थडग्यावर त्याचे सूत्र कोरलेले आहे.

हे सांगताना पोरीचा आवाज खाली आला होता. अण्णा काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “बघ. असं होतं डोकं जास्त चालवून.”

“अण्णा, डोकं चालवून नाही झालं ते,” एवढेच ती म्हणाली आणि उठून आत गेली. मला अण्णाचा राग आला. पण कंदिलासारखा मिणमिणता दिवा असलेल्या त्या ओसरीवर त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि कळले की हा माणूस मेकॅनिकला भीत नाही. तो भितो आहे ते पाच वर्षांना, पुण्याला, आणि न दिसणाऱ्या गोष्टींपायी झिजणाऱ्या माणसांना.

सकाळी उठलो तो पेला एकसारखा फिकट निळा झाला होता. कुठून सुरुवात झाली याची खूणसुद्धा राहिली नव्हती.

अण्णा अंगणात मक्याच्या राशीवर टोपली रिकामी करीत होता. रास वाढत होती, पण तिचा उतार तेवढाच राहात होता. दाणे साठत, साठत, आणि मग एखाद्या दाण्याचे निमित्त होऊन एक ओघळ खाली येई. कधी दोन दाण्यांचा, कधी पसाभर. मी मुद्दामच पोरीला हाक मारली. “काल तू सगळी परदेशी नावे सांगितलीस. आपले कुणी नाही का?”

“नाही कसे! सत्येंद्रनाथ बोस 1924 साली ढाक्याला होते. दोन दाणे दोन खणांत ठेवायचे तर आपण चार प्रकार मोजतो. पण दाणे इतके हुबेहूब असतील की एकमेकांपासून ओळखूच येत नाहीत, तर तीनच प्रकार उरतात. प्रकाशाच्या कणांना त्यांनी ही मोजणी लावली आणि लेख आइन्स्टाइनकडे पाठवला. आइन्स्टाइनने स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून छापवला. आणि काका, ही जी अण्णांची रास आहे ना, तिच्यावर काम करणारे दीपक धर आपल्या मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आले. बोल्ट्झमनच्या नावाचं पदक 2022 साली त्यांना मिळालं. भारतातले ते पहिलेच.”

‘अण्णांची रास’ म्हटल्याबरोबर अण्णाची टोपली थांबली.

तिने अंगणात खडूने नऊ घरे आखली, तीन ओळी, तीन रकाने. शेजारी तशीच आणखी नऊ. एक पट मला, एक अण्णाला. प्रत्येक घरात तीन-तीन दाणे ठेवायचे. नियम एकच: एखाद्या घरात चार किंवा अधिक दाणे झाले की त्यातले चार उचलायचे आणि चार बाजूंना एकेक द्यायचा, पटाबाहेर गेला तो गेला. खऱ्या राशीची ही फक्त नक्कल आहे, हेही तिने आधीच सांगितले. 1987 साली बाक, टँग आणि वीझनफेल्ड या तिघांनी ही नक्कल मांडली होती.

“आता दोघांनी मधल्या घरात एकेक दाणा टाका. मग जे घर भरेल ते आपापल्या मर्जीने मोकळं करा. एकमेकांचं बघायचं नाही.”

मी शिस्तीत, ओळीने गेलो. अण्णा मनाला येईल तसा. एका दाण्याने काय धुमाकूळ घातला! मधले घर उलटले, त्याने कडेची चार भरली, ती उलटली तर कोपरे भरले, कोपरे उलटले, मधले पुन्हा भरले. शेवटी सगळे शांत झाले. माझ्या पटात मधे शून्य, चारही कोपऱ्यांत एकेक आणि कडेच्या चार घरांत तीन-तीन. अण्णाच्या पटावर नजर टाकली. तिथेही तेच! अठ्ठावीसपैकी बारा दाणे दोघांचेही बाहेर. घरे उलटली तीसुद्धा दोघांची दहा-दहा वेळा.

“तू माझं बघितलंस,” अण्णा म्हणाला.

“मी कशाला बघू? तू तर उलटा चालला होतास.”

अण्णाने पट पुसला, पुन्हा दाणे मांडले, यावेळी मुद्दाम वेड्यावाकड्या क्रमाने उलटवले. तेच उत्तर. तिसऱ्यांदा वहिनींना बसवले. तेच. कोणत्याही क्रमाने जा, शेवट एकच आणि वाटेतल्या उलथापालथींची संख्याही एकच: हे धर यांनी 1990 साली सिद्ध करून दाखवले. पट केवढाही असो. एवढी एक गोष्ट हाती आल्यावर अशा राशींचे पुष्कळसे गणित कागदावर नेमके सुटू लागले. छोटे ओघळ पुष्कळ, मोठे थोडे, आणि ‘साधारण एवढा’ असा ओघळाला आकारच नाही. भूकंपांचेही असेच दिसते: लहान फार, मोठे क्वचित.

अण्णा उकिडवा बसूनच होता. म्हणाला, “म्हणजे किल्लारीचा आधी सांगता आला असता?” 1993 च्या त्या पहाटेची आठवण मराठवाड्यात चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारावी लागत नाही.

“नाही, अण्णा. किती लहान झाले तर किती मोठे होतील, एवढं सांगता येतं. कोणता, कधी, ते नाही.”

“हां,” अण्णा म्हणाला. त्याने एक दाणा उचलून तळहातावर घेतला. “तुमच्या शास्त्राला ढिगाचं कळतं, दाण्याचं कळत नाही. आणि मला तर एकच दाणा आहे.”

कुणीच काही बोलले नाही. मी समजूत घालायला आलो होतो, पण कुणाची घालावी हेच आता मला समजेना. पोरगी खाली बसून पटावरचे दाणे गोळा करीत होती. मान वर न करता म्हणाली, “त्या दाण्याचं मलाही सांगता येत नाही, अण्णा. इथे राहिले तरी नाही येणार.”

वहिनींनी चहा आणला. माझी दुपारची गाडी होती. अण्णाने आपली पांढरी टोपी धुवायला काढली, बादलीत पाणी घेतले आणि ओसरीवरचा तो निळा पेला उचलून त्यात ओतून दिला. पोरगी “अहो, माझा प्रयोग!” म्हणून ओरडली. “झाला ना तुझा प्रयोग? मग नीळ कशाला वाया घालवायची,” तो म्हणाला.

स्टँडवर सोडायला तो एकटाच आला. टोपी ओली होती, पण घातली होती. गाडी दिसेपर्यंत आम्ही मक्याच्या भावावर बोललो. मी पायरी चढल्यावर त्याने माझी पिशवी वर दिली आणि इकडे तिकडे पाहून, हळूच, एखादी लाजिरवाणी गोष्ट विचारावी तसे विचारले, “तिची ती पुण्याची परीक्षा आहे ना... तिच्या फॉर्मला पैसे किती लागतात रे?”